दाताचा वेल

“आणि एकही आळं रिकामं राहिलं नाही, तर?”

“तर भोपळा तुझा.”

रेवणबाबांनी एवढंच सांगितलं आणि कडुलिंबाच्या काडीनं ते पुन्हा दात घासायला लागले. दात म्हणजे एकच हो. वरच्या हिरडीला उरलेला. पण घासायचे असे, की बत्तीस असावेत.

विश्वंभर समोर हात जोडून उभा. चेहरा असा उजळला, की आत कुणी कंदील लावलाय असं वाटावं.

भोपळा म्हणजे खायचा नव्हे. मठाच्या दाराशी खुंटीला टांगलेला सुका भोपळा. धुरानं काळा झालेला, तोंडाला चिंधीचा बोळा. आत राख, राखेत बिया. बाबांना तो त्यांच्या गुरूंनी दिला, गुरूंना त्यांच्या गुरूंनी. ज्याच्या हाती भोपळा त्याची बाग, आणि ज्याची बाग त्याचा मठ. बोरखिंडीच्या मठाला गादी नाही, पादुका नाहीत. भोपळा आहे.

विश्वंभर त्या भोपळ्यासाठी नऊ वर्षं थांबला होता. शिकलेला गडी, पोथी तोंडपाठ. मातीबद्दल काही विचारा, माती तोंड उघडायच्या आत याचं उत्तर तयार. पोरांनी आपल्याला महाराज म्हणावं अशी त्याची इच्छा. पोरं म्हणायचीही. म्हाराज.

आणि मी म्हादू. मठाच्या विहिरीवर पाणी ओढतो. तिसरीत असताना मास्तरांनी आणि मी एकमतानं ठरवलं, की माझं शिक्षण पुरं झालं. पोरं मला तात्या म्हणतात. मोठी माणसं काय म्हणतात ते लिहिण्यासारखं नाही.

वसंत पंचमीला खालच्या गावातली पोरं मठात येतात. तेव्हा थंडीनं पाय काढलेला नसतो, नुसती वहाणा शोधत असते. आंब्याला मोहोर लागलेला. पळसाच्या अंगावर पान नाही, डोक्यावर मात्र जाळ.

बाबा राखेतून लाल भोपळ्याची एकेक बी काढून एकेकाच्या तळव्यावर ठेवतात. पोरानं आपलं आळं आपण करायचं. बी आपण लावायची, पाणी आपण घालायचं. आणि तोंड बंद. रंगपंचमीपर्यंत आपल्या आळ्याबद्दल कुणाशी अक्षर बोलायचं नाही. बोललं की उंदराला ऐकू जातं, असं बाबा सांगतात. याला म्हणतात मुकी पेरणी.

रंगपंचमीला मग आपापल्या आळ्याशी उभं राहायचं आणि टेकडीला ऐकू जाईल असं ओरडून सांगायचं.

यंदा पोरांकडं विश्वंभरनं बघायचं, असं बाबांनी ठरवलं होतं. म्हणून तो वरचा प्रश्न, आणि म्हणून तो कंदील.

एकोणीस पोरं आली.

विश्वंभरनं आधी दोरी बांधली. या टोकापासून त्या टोकापर्यंत, सरळ रेघ. मग पोरांना समोर बसवलं.

“आळी दोरीवर. बीचं टोक खाली. खोली दोन बोटं.”

हणम्या नावाचं एक कार्टं आहे. त्यानं हात वर केला.

“म्हाराज, कुणाची बोटं? माझी का तुमची?”

“माझी.”

“मग तुमीच लावा की.”

मी विहिरीत तोंड घालून हसलो. विहीरपण हसली.

तासाभरात दोरीची बैलगाडी झाली. दोन पोरं बैल, एक गाडीवान. आळी जिथं पोरांना वाटलं तिथं झाली. एक आंब्याच्या बुंध्याशी, दोन बाबांच्या बसायच्या दगडापाशी, एक तर वाटेच्या मधोमध. विश्वंभर घामाघूम. बाबा आपले मोहोराखाली डोळे मिटून, एका दातानं ऊन खात बसलेले.

तेवढ्यात सगुणा माझ्याकडं आली. सहा वर्षांची पोर. तोंड घट्ट मिटलेलं आणि डोळ्यांतून धार. मुकं रडत होती बिचारी, नियमाप्रमाणं.

“काय गं?”

तिनं मूठ उघडली. तळव्यावर दुधाचा दात.

“आणि बी?”

“खाल्ली.” शेवटी बोललीच. “राखेत हुती ना, मला वाटलं भाजल्याली हाय. कडकन चावली, तर दात हातात आला.” आणि मग मोठा हुंदका. “तात्या, माझं आळं रिकामं ऱ्हाईल आता.”

मी दात उचलून उन्हात धरला. पांढरा, टणक, एकीकडून टोकदार.

“अगं वेडे, हीच की बी.”

“खोटं.”

“खोटं असेल तर उगवणार नाही. खरं असेल तर उगवेल. पेरल्याशिवाय कसं कळणार?”

तिनं विचार केला. नाक पुसलं.

“टोक खाली ना?”

“टोक खाली. दोन बोटं. म्हाराजांची.”

पळाली. आणि मी गप्प बसलो. मुकी पेरणी म्हणजे मुकी पेरणी. नियम पाळणारा माणूस आहे मी, नियम सोयीचे असले की.

बारा-पंधरा दिवस गेले. बारा आळ्यांत दोन-दोन पानं वर आली, जाड, हात जोडल्यासारखी. सात आळी तशीच.

हणम्या रोज आपली बी उकरायचा, बघायचा आणि परत निजवायचा. एकीनं आळ्यात इतकं पाणी ओतलं की बेडूक राहायला आला. एकाची मुंग्यांनी नेली. पण पोरांना त्याचं काही नाही. येताना शेतातले ओले हरभरे तोंडात टाकत यायची, कोकिळेला उलट कू घालायची, आपल्या काळ्या मातीकडं बघत बसायची. सगुणा तर जिभेनं दाताची फट चाचपत, आळ्याशी हनुवटी टेकून, तास-तासभर.

झोप उडाली ती विश्वंभरची.

“बाबा, सात आळी रिकामी आहेत.”

“हं.”

“काय करू?”

“पाणी घाल.”

“रिकाम्यात?”

बाबांनी काडी तोंडातून काढली.

“रिकामं आहे असं कुणी सांगितलं?”

विश्वंभरला ते उत्तर वाटलं नाही. शिकलेल्या माणसाचं असं होतं.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी बाबा आडवे झाले. मी आंब्याखाली तोंडावर पटका टाकून पडलो होतो. माझा पटका जुना आहे, त्याच्यातून सगळं दिसतं.

विश्वंभर गोठ्यामागून आला. हातात घमेलं. घमेल्यात पळसाच्या सुक्या पानांचे सात द्रोण, आणि द्रोणाद्रोणात भोपळ्याचं चांगलं चार पानांचं रोप. गड्यानं पहिल्याच दिवशी गुपचूप लावून ठेवली होती.

त्यानं इकडं बघितलं, तिकडं बघितलं. माझ्याकडं बघितलं, तर मी घोरलो.

मग आळ्यातली माती काढायची, घमेल्यात भरायची, द्रोणासकट रोप बसवायचं, वरून बोटांनी दाबायचं. सात वेळा. काढलेली माती त्यानं कुंपणाच्या कडेला ओतली. हात इतका साफ, की उठून शाबासकी द्यावीशी वाटली. पण मी झोपलेलो होतो.

संध्याकाळी बाबा बागेत फिरले. हणम्याच्या आळ्याशी वाकले. मातीतून पळसाच्या पानाचा एक तुकडा वर आला होता, त्यात द्रोणाची काडी टोचलेली. बाबांनी तो हुंगला. कानामागं खोचला. आणि जाता जाता मला म्हणाले,

“म्हादू, यंदा पळसाला फार घाई झालेली दिसते.”

“कोवळं वय, बाबा,” मी म्हणालो.

सकाळी पोरं आली. हणम्यानं आपलं आळं बघून बोंब ठोकली आणि लगेच दोन्ही हातांनी आपलंच तोंड दाबलं. सगुणा मात्र ओरडली नाही. तिनं एका बोटानं पानाला हात लावला. मग त्याच बोटानं तोंडातल्या फटीला. मग ती विहिरीवर आली, ओठ मिटलेले, आणि आळ्याकडं नुसतं बोट केलं. डोळे एवढे मोठे, की त्यात बादली सोडावी.

मी काय सांगणार? जन्मभर लोकांना थापा मारल्या, पण थाप चार पानांनिशी उगवून आलेली पहिल्यांदाच बघत होतो.

रंगपंचमी आली.

पळसाची फुलं उकळून मोठ्या पातेल्यात केशरी रंग केला होता. पोरं आधीच रंगून आलेली. मागून आयाबाया, म्हातारे, सरपंचसुद्धा. एकोणीस वेल आंब्यावर, दगडावर, वाटेवर हातपाय पसरून पडलेले. काहींना पिवळी फुलं. बाबा दगडावर बसलेले, मांडीवर भोपळा. बाजूला विश्वंभर, पांढरेशुभ्र धुतलेले कपडे, गुळगुळीत दाढी. पोरांनासुद्धा त्याच्या अंगावर रंग टाकायची हिंमत झाली नाही.

“माझा भोपळा!” एक ओरडलं.

“माझा भोपळा!”

अठरा वेळा. टेकडीनं अठरा वेळा तेच उलट सांगितलं. शेवटी सगुणा आपल्या वेलाशी उभी राहिली. छाती भरून घेतली.

“माझा दात!”

टेकडी म्हणाली, दात.

“काय पेरलंस गं?” बाबांनी विचारलं.

“दात. बी मी खाल्ली.” तिनं तोंड उघडून जागा दाखवली. “हितला.”

कुणी हसलं नाही. सगळे त्या वेलाकडं बघत राहिले. वेलाला सुतासारखे तणावे फुटलेले, गोल गोल वळलेले.

“बघा की,” सगुणा म्हणाली, “दाताला मिशा पण आल्या.”

गर्दीतल्या भागाकाकूंनी सगळ्यांत आधी हात जोडले. “दाताला येल आला गं बाई!”

मग काय विचारता. कुणी वेलाला कुंकू लावलं. कुणी नारळ आणायला पळालं. सरपंच म्हणाले, इथं ओटा बांधू. एक जण दाढ दुखणारा होता, तो गाल पुढं करून पानापाशी सरकायला लागला. चार-पाच बाया विश्वंभरच्या पाया पडल्या. “महाराज, तुमच्या हाताचा गुण!”

सगुणाचं कुणाकडं लक्ष नव्हतं. ती बाबांना सांगत होती.

“आता भोपळा पिकंल ना, की आत दातच दात असतील. एक मी घेनार. बाकीचे समदे तुमाला. मग तुमाला भाकरी चावता येईल.”

बाबांनी मान डोलावली. मग मांडीवरचा भोपळा उचलला.

“एकही आळं रिकामं नाही, विश्वंभर.”

बाबांनी तो त्याच्यापुढं केला.

“धर.”

विश्वंभरचा हात पुढं गेला. नऊ वर्षं लांबीचा हात. भोपळ्यापासून वीतभर अंतरावर तो थांबला.

“घ्या की म्हाराज,” सगुणा म्हणाली. “लाजताय काय?”

मी देवाला म्हणालो, बघ बाबा आता काय करायचं ते. माझ्याकडं आता एकही थाप शिल्लक नाही.

विश्वंभरनं हात मागं घेतला.

“नाही बाबा. सात आळी रिकामी होती. मी दुपारी द्रोणातली रोपं आणून लावली.” मग तो सगुणाकडं वळला. आवाज अगदी सुकलेला. “हा वेल माझा आहे. तुझा दात... उगवला नाही, सगुणा.”

भागाकाकूंचं कुंकवाचं बोट हवेतच राहिलं. दाढवाल्यानं गाल परत नेला. सरपंच आभाळाकडं बघायला लागले, ओट्याचं नाव दुसऱ्याच कुणी काढलं असावं तसे.

“माझं पण तुमीच लावलं?” हणम्यानं विचारलं.

“तुझं पण.”

“मला वाटलंच. माझी बी मी रोज बघत हुतो. ती असली घाई करनारी नव्हती.”

सगुणा रडली नाही. तिनं वेल बघितला, विश्वंभर बघितला.

“मग माझा दात कुठाय?”

मातीबद्दल त्याला कुणी काही विचारावं आणि उत्तर नसावं, असं नऊ वर्षांत झालं नव्हतं.

“...मला ठाऊक नाही.”

“काढल्याली माती कुठं टाकली?”

त्यानं कुंपणाकडं बोट केलं. आणि बोट केलं तसा स्वतःच तिकडं गेला, ढिगापाशी पांढऱ्या कपड्यांनिशी बसला, आणि दोन्ही हातांनी माती उपसायला लागला.

सगुणा शेजारी येऊन बसली.

“असं नाय. चिमटी चिमटीनं.”

“असं?”

“हां.”

मग हणम्या आला. मग सगळी एकोणीस. ढीग एवढासा आणि त्यावर अडतीस हात, विश्वंभरचे आणि माझे वेगळे.

“हा?” विश्वंभर विचारायचा.

“नाय. खडा हाय त्यो.”

“हा?”

“शिंपला हाय. तुमाला दात म्हाईत नाय का?”

कुणीतरी रंगाचं पातेलं लाथाडलं. ढिगाचा केशरी चिखल झाला. विश्वंभरच्या हनुवटीला चिखल, नाकाला चिखल, डोक्यावर वरून आंब्याचा मोहोर पडलेला. पाठीवर फाल्गुनातलं कोवळं ऊन. एका पोरानं गोगलगाय काढून “हा?” म्हणून त्याच्या हातावर ठेवली, आणि गडी हसला. मोठ्यानं. कोकिळा दचकून गप्प झाली.

मला राहवेना. मी हळूच सगुणाच्या कानाशी गेलो. “पोरी, दात उगवतो ही थाप माझी होती बरं का.”

“ठावं हाय मला,” ती म्हणाली. “बोलू नगा. शोधा.”

ऊन कलायला लागलं. गावातली माणसं ओला नारळ खाऊन परतली होती. आणि मग...

“हा?”

त्याच्या काळ्या तळव्यावर तांदळाएवढं काहीतरी. सगुणानं उचललं, झग्याला पुसलं, उन्हाकडं धरलं.

“ह्योच.”

तिनं तो उलटासुलटा करून नीट तपासला.

“अजून कोंब नाय.”

हे ती अशी म्हणाली, की जणू उद्या येईल. आणि म्हणताना हसली तेव्हा मला दिसलं, तिच्या तोंडातल्या फटीत नव्या दाताचं पांढरं टोक वर आलंय. त्याला कुणी पाणी घातलं होतं देव जाणे.

नवं आळं करायला विश्वंभर खुरपं घेऊन बसला. माती भुसभुशीत केली. मग थांबला.

“किती खोल?”

सगुणानं आपली दोन बोटं मातीत खुपसली. “एवढं.”

त्यानं तेवढंच केलं. दात आत गेला, टोक खाली.

“आता ह्यात काय लावायचं नाय.”

“नाही.”

“उगवलं नाय तरी?”

विश्वंभरनं खुरपं खाली ठेवलं.

“...उगवलं नाही तरी.”

“पानी?”

“घालीन.”

“रोज?”

“रोज.”

“मग बरं, दादा,” ती म्हणाली, आणि झगा झाडत पोरांमागं पळाली.

विश्वंभर उठला. दगडापाशी आला आणि बाबांसमोर उभा राहिला, डोक्यापासून पायापर्यंत चिखल.

“बाबा, भोपळ्यावर माझा हक्क नाही. झोळी उचलतो. खालच्या गावात राहीन. पाणी घालायला तेवढा सकाळी येत जाईन.”

बाबांनी कानामागून पळसाच्या पानाचा तुकडा काढला. वाळून चुरा झाला होता. तो त्यांनी फुंकून टाकला. मग भोपळा पुढं केला.

“हा जरा धर.”

“बाबा, मी सांगितलं ना...”

“अरे, धर म्हणतो. मला दोन्ही हात लागतात.”

विश्वंभरनं भोपळा धरला.

बाबांनी दोन्ही हातांनी ओठ फाकवले. अंगठा आपल्या त्या एकुलत्या दाताला लावला आणि हलवला. दात हलला. जुन्या दारासारखा, आत, बाहेर.

“सगुणाच्या शेजारी माझंही एक आळं करून ठेव,” बाबा म्हणाले. “...आणि त्यात काही लावू नकोस.”